छोट्या खोलीसाठी एअर प्युरिफायर: फिलिप्स एसी ०८२० की लेव्हॉइट कोअर ३००?

शीवची_सून
नमस्कार मंडळी. प्युरिफायरवरचे जुने धागे चाळून झाले, पण तिथे सगळी चर्चा हॉलमध्ये ठेवायच्या मोठ्या यंत्रांची आहे. मला एका खोलीपुरतं हवंय.

आम्ही शीवला राहतो. शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. पत्रे लागलेत, हिरवं कापड लागलंय, महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाच्या धुळीसाठी जी २७ कलमी नियमावली काढली तिच्यातलं दाखवण्यापुरतं सगळं आहे. पाणी मात्र कुणी साहेब येणार असतील त्याच दिवशी मारतात. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर दुपारी बोटाने रेघ ओढता येते.

अप्पांना (सासरे, वय ७४) जुना दमा आहे, इनहेलर चालू आहे. त्यांची खोली १० बाय ११, उंची साडेनऊ फूट. एक सरकती खिडकी, एक दार. एसी नाही, पंखा बारा महिने चालू.

बजेट दहा-बारा हजार. चाळणी लावून दोन नावं उरली: फिलिप्सच्या ८०० सिरीजमधला एसी ०८२० आणि लेव्हॉइटचा कोअर ३००. दोन्ही सव्वा फुटाच्या आत-बाहेरचे, कोपऱ्यात मावतील असे. वन्सं डिसेंबरात न्यू जर्सीहून येतायत, त्या म्हणतात कोअर ३०० मी इकडून आणते, स्वस्त पडतो. अप्पांना अ‍ॅप-बिप जमणार नाही. आणि आवाजाचं भारी वावडं. फ्रिजची घरघरही खपत नाही त्यांना. काय करावं?

अभ्या_डोंबिवली
फिलिप्स. डोळे झाकून. दुसऱ्या सीझनला लागलाय आमच्याकडे, तक्रार नाही.

ओहमचा_नियम
थांबा, आधी वन्संना फोन करा.

अमेरिकेत मिळणारा कोअर ३०० हा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो घातला की खेळ खलास. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असतं म्हणून ते कुठेही चालतात आणि आपली समजूत होते की तिकडचं सगळंच इथे चालतं. विमानतळावर मिळतो तो अ‍ॅडाप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज बदलत नाही.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येईल. पण तो रात्रभर स्वतःच गुणगुणत आणि तापत बसणार, आणि तुम्ही म्हणता अप्पांना फ्रिज खपत नाही. वर वॉरंटीचं काय, हा प्रश्न आहेच. कोअर ३००ची २२०–२४० व्होल्टची आवृत्ती असते. घ्यायचा तर तो घ्या, आणि बुडाखालचं लेबल वाचून घ्या.

शीवची_सून
बरं झालं विचारलं. वन्संना सांगते, बदामच आणा.

म्हणजे आता दोन्ही २३० व्होल्टवाले धरून तुलना करायची.

जुना_खोडरबर
सगळी थेरं आहेत ही. आमच्या चाळीत समोर गिरणीचं धुरांडं होतं, कोणाला काही झालं नाही. खिडकी उघडी ठेवा, दोन तुळशी आणि एक स्नेक प्लांट लावा. हवा साफ होते म्हणतात.

धूळभेट
मी वातानुकूलनाच्या धंद्यात आहे, पण प्युरिफायर विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. जरा लांबेल.

खोक्यावरचे चौरस फूट बाजूला ठेवा. पाहायचा तो सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. फिलिप्स एसी ०८२० चा १९०, कोअर ३०० चा साधारण २४० (अमेरिकेत मिनिटाला १४१ घनफूट असं छापतात, तोच हा).

तुमची खोली १०४५ घनफुटांची, म्हणजे ३० घनमीटरला जराशी कमी. १९० भागिले ३० केलं तर खोलीतली हवा तासाला सहा वेळा गाळली जाते, २४० असेल तर आठ वेळा. अमेरिकेतली उत्पादकांची संघटना, अहॅम, खोलीचा आकार ठरवताना तासाला ४.८ वेळा धरते. तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने, सीडीसीनेही मे २०२३ मध्ये बंद जागांसाठी पाच किंवा अधिक असंच सांगितलं. या हिशेबाने दोन्ही पास.

चौरस फूट का सोडायचे तेही सांगतो. हेच फिलिप्स युरोपात ४९ चौरस मीटरपर्यंतच्या खोलीसाठी चालेल असं लिहिलेलं असतं. एवढ्या खोलीत हवा तासाला जेमतेम दीड वेळा फिरेल. कुठल्यातरी मानकात ते बसतं, दमेकऱ्याच्या उपयोगाचं नाही.

आता गोम. हे सहा आणि आठ फेरे पूर्ण वेगावरचे. त्या वेगाला फिलिप्सचा आवाज ६१ डेसिबल दिलेला आहे, कोअर ३०० चा ५०. स्लीपवर, म्हणजे झोपेच्या वेळच्या मंद वेगावर, अनुक्रमे ३५ आणि २४. हे आकडे शेजारी ठेवून लगेच निकाल लावू नका. युरोपातल्या कंपन्या बहुधा यंत्रातून निघणारी एकूण ध्वनिशक्ती देतात, काही कंपन्या ठरावीक अंतरावर कानाला पोचणारा ध्वनिदाब देतात. एकाच यंत्राच्या या दोन आकड्यांत आठ-दहा डेसिबलचा फरक सहज पडतो. तरीही पूर्ण वेगावर दोघांच्याही शेजारी कोणी झोपत नाही, एवढं नक्की.

मग रात्री तुम्ही तो स्लीपवर टाकणार. स्लीपवर सीएडीआर निम्म्याच्याही बराच खाली उतरतो आणि तो आकडा खोक्यावर सहसा नसतो. एक तृतीयांश धरून चला: फिलिप्सचे तासाला दोन फेरे, कोअरचे पावणेतीन. खिडकीबाहेर बांधकाम चालू असताना हे अपुरं. तेव्हा माझ्या मते निवड एकाच गोष्टीवर करायची. ज्या वेगावर अप्पांना झोप लागते, त्या वेगावर हवा जास्त कोण गाळतं?

आणि इथे दोघांत खरा फरक आहे. एसी ०८२० ला ऑटो (सेन्सरने हवा मोजून वेग आपोआप बदलणारा), स्लीप आणि टर्बो (पूर्ण वेग) एवढंच मिळतं. मधला वेग हाताने लावून तिथेच धरून ठेवायची सोय नाही. कोअर ३०० ला एक, दोन, तीन असे वेग आणि वर स्लीप. त्याला सेन्सर नाही, ऑटो नाही, तो बिचारा सांगितलेल्या वेगावर पळत राहतो. मी असतो तर दोन नंबरवर लावून विसरून गेलो असतो.

जुना_खोडरबर
एवढं गणित करून शेवटी पंखाच ना?

धूळभेट
हो काका, पंखा आणि गाळणी. एवढंच असतं त्यात, आणि एवढंच असावं. ओझोन सोडणारे, आयन फेकणारे प्रकार दमेकऱ्याच्या खोलीत नकोतच. कॅलिफोर्नियात तर ०.०५० पीपीएमहून जास्त ओझोन सोडणारं यंत्र विकताच येत नाही.

तुळशीबद्दल: झाडं घरातली हवा शुद्ध करतात यासाठी ज्याचा दाखला देतात तो नासाचा १९८९चा अभ्यास हवाबंद छोट्या पेट्यांमध्ये झाला होता. २०१९ मध्ये कमिंग्स आणि वॅरिंग या दोघांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. घरात एरवी जेवढी हवा आत-बाहेर होते तेवढ्या शुद्धीकरणाला चौरस मीटरमागे १० ते १००० रोपं लागतील. आणि ते वायूंपुरतं, धुळीचं नावही नाही त्यात. तुळस लावा, पूजेला हवीच.

यमुनापार
दिल्लीहून. मूळचा साताऱ्याचा, पण आता फुप्फुसं इथलीच झालीत.

धूळभेट यांचं गणित मान्य, निष्कर्ष अर्धाच मान्य. घरात ७०-७५च्या पुढचं माणूस असेल तर सेन्सर हवा. कारण आकडा कळत नाही, रंग कळतो. फिलिप्सच्या यंत्रावर हवा कशी आहे ते दाखवणारी दिव्याची कडी असते, तिचा रंग निळा, जांभळट, लालसर आणि मग लाल असा चढत जातो. माझी आई लाल दिसली की आधी आवाज देते, खिडकी कोणी उघडली रे? यंत्राने जेवढी हवा साफ केली असेल तेवढंच काम या ओरड्याने केलंय. आमच्याकडे दिवाळीनंतर संध्याकाळी जिन्याचं दार दहा मिनिटं उघडं राहिलं की कडी लाल.

आणखी एक, मिरचीच्या फोडणीला आणि उदबत्तीला ती लाल होतेच. नवीन असताना आम्हाला वाटलं यंत्र बिघडलं. बिघडलं नव्हतं, फोडणीचा धूर हा धूरच आहे.

धूळभेट
@यमुनापार, रंगाबद्दल तुमचं म्हणणं पटलं. ऑटोबद्दल माझी शंका तशीच आहे. सेन्सर यंत्राच्या अंगावर असतो, म्हणजे खोलीतल्या सगळ्यात स्वच्छ कोपऱ्यातली हवा तो मोजतो. तिथे निळा झाला की पंखा मंदावतो, आणि दहा फुटांवर खिडकीखाली झोपलेल्या माणसाच्या नाकाशी काय चाललंय ते त्याला कळत नाही. पंखा चालू असेल तर फरक कमी पडतो, कारण हवा ढवळली जाते. अप्पांचा पंखा चालू असतो हे चांगलंच आहे, बंद करू नका.

मुंबईकरांसाठी: पावसाळ्यात आणि धुक्यात हे छोटे सेन्सर दमटपणामुळे जास्त आकडा दाखवतात. जुलैत उगाच लाल दिसला तर घाबरू नका.

अभ्या_डोंबिवली
पण फिलिप्सचा फिल्टर ०.००३ मायक्रॉनचे कण पकडतो. बाकीचे सगळे ०.३ म्हणतात. म्हणजे शंभरपट बारीक! हा मुद्दा कोणीच घेतला नाही.

धूळभेट
घेतो. हेपा, म्हणजे या यंत्रांतल्या बारीक कण अडकवणाऱ्या धाग्यांच्या जाळीतून निसटायला सगळ्यात सोपा कण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. त्याहून मोठे कण धाग्यांवर आपटून अडकतात. त्याहून फार बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भरकटतात आणि भरकटता भरकटता धाग्याला चिकटतात. ०.००३ चा कण पकडणं हे ०.३ च्या कणापेक्षा सोपं काम आहे. आकडा खरा आहे, पण त्यावरून फिलिप्स शंभरपट चांगला ठरत नाही. वाईटही ठरत नाही.

अभ्या_डोंबिवली
हे माहीत नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

खाडीपारची_माई
कॅलिफोर्नियातून लिहितेय. ९ सप्टेंबर २०२०ला आमच्याकडे वणव्यांच्या धुराने दिवसाढवळ्या आकाश नारिंगी झालं होतं, दुपारी घरात दिवे लावले होते. त्या आठवड्यात दुकानांत प्युरिफायर औषधालासुद्धा शिल्लक नव्हते. माझा कोअर ३०० त्यानंतरचा. लेकाच्या खोलीत आहे, साधारण शीवच्या खोलीएवढीच. रात्री दोन नंबरवर असतो. सवय झाली की पावसाच्या सरीसारखा आवाज, पण पहिले दोन दिवस लेकाने कटकट केली होती. वरचे दिवे घालवता येतात, ते बरं आहे.

कामाच्या गोष्टी. पहिली: नवीन यंत्रात फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला येतो. यंत्र उलटं करा, बुडाचं झाकण फिरवा, फिल्टर काढा, पिशवी फाडून टाका, मग लावा. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी पिशवीसकट पूर्ण हिवाळा चालवला आणि वर सगळ्यांना सांगत होते, काही उपयोग नाही हो याचा.

दुसरी: कोअर ३०० चा फिल्टर कंपनी ६ ते ८ महिन्यांत बदला म्हणते, फिलिप्स एसी ०८२० चा १२ महिन्यांपर्यंत चालेल म्हणते. शेजारी इमारत पडत असेल तर दोन्ही आकडे विसरा. फिल्टर बदलाचा दिवा बहुतेक तास मोजून लागतो, घाण बघून नाही. फिल्टर काढून बघा, घड्या करड्या-काळ्या झाल्या असतील तर दिव्याची वाट बघू नका. बाहेरची जाळी व्हॅक्यूमने साफ करा, हेपा पाण्याने धुऊ नका. धुतला की संपला.

तिसरी: यंत्र भिंतीला चिकटवू नका, चहूबाजूंनी सव्वा फूट मोकळं ठेवा. हवा खालून सगळीकडून ओढतो तो. पलंगाखाली आणि पडद्यामागे तर नकोच.

अ‍ॅप आणि सेन्सर हवाच असेल तर त्यांचाच कोअर ३००एस असतो, त्याला ऑटोही आहे. अप्पांसाठी काही गरज नाही.

शीवची_सून
माई, पिशवीचं लिहून ठेवलं. वासाचं काय? बाजूला वेल्डिंग चालतं, डांबर तापवतात, तो वास दोन्हींपैकी कशाने जाईल?

खाडीपारची_माई
फार आशा धरू नका. कोअरमध्ये वास शोषणाऱ्या कार्बनचा थर असतो, त्यांचा जास्त कार्बनवाला वेगळा फिल्टरही मिळतो, तरी एवढ्याशा यंत्रात कार्बन मावणार किती? धूर दिसायचा थांबतो, वास मागे रेंगाळतो. वासासाठी किलोंनी कार्बन लागतो, म्हणजे मोठं यंत्र, म्हणजे मोठा खर्च.

इनहेलरवाली_ताई
मी छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करते. रोज हेच बघते, म्हणून चार शब्द.

यंत्र आल्यावर अप्पा म्हणतील आता बरं वाटतंय, आणि रोजचा इनहेलर कमी करतील. करू देऊ नका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक पफही कमी नाही. यंत्र घरातलं ओझं कमी करतं, दमा बरा करत नाही.

दुसरं, खोलीतच धूर करून मग तो गाळत बसण्यात अर्थ नाही. डासांची कॉइल पहिली बाहेर. मच्छरदाणी लावा. देवघर त्याच खोलीत असेल तर धूप-उदबत्ती तेवढी दुसरीकडे. हे सांगितलं की घरोघरी रुसवे होतात, ठाऊक आहे मला. निरांजन ठेवा, धूप नको, इतपत तडजोड चालते.

खिडकी चोवीस तास बंद ठेवू नका. प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड काढत नाही. बांधकाम बंद असतं तेव्हा, आणि रस्ताही शांत असेल तर, पंधरा-वीस मिनिटं उघडा. कधी उघडायची ते प्रदूषण मंडळाच्या समीर अ‍ॅपवर जवळच्या हवा-मोजणी केंद्राचा आकडा बघून ठरवा. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांसाठी आपलं २४ तासांचं सरकारी प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१पासून १५. त्यामुळे अ‍ॅपने समाधानकारक म्हटलं तरी दमेकऱ्याने त्यावर फार विसंबू नये.

ओहमचा_नियम
+१. सरकत्या खिडकीचंही बघा. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथली ब्रशपट्टी झिजलेली असते, खालच्या पन्हाळीत पाणी जायला भोकं असतात. तिथून बारीक धूळ सरळ आत येते. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर ब्रशपट्टी मिळते, खिडकीवाला तासाभरात बदलून देतो. पाण्याची भोकं बुजवू नका, पावसाळ्यात रडाल. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. हे केलंत तर स्लीपवरचे दोन-तीन फेरेही पुरतील कदाचित. गळक्या खोलीत टर्बोनेही भागणार नाही.

यमुनापार
हे सगळ्यात कामाचं बोललात. आमच्याकडे पहिल्या वर्षी यंत्रावर पैसे गेले, दुसऱ्या वर्षी दारंखिडक्यांवर. उलटं करायला हवं होतं.

शीवची_सून
सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

ब्रशपट्टी बदलून घेतली. जुनी हातात घेतली तर केस नव्हतेच तिला, नुसती पट्टी. कॉइल गेली. धुपावरून सासूबाई दोन दिवस बोलत नव्हत्या, आता हॉलच्या खिडकीत लावतात.

यंत्राचं म्हणाल तर अप्पांनाच घेऊन दुकानात गेले. फिलिप्स चालू करून दाखवा म्हटलं. स्लीपवर त्यांना ऐकूच आला नाही (कान तसेही बेताचे झालेत, फ्रिज तेवढा ऐकू येतो). टर्बोवर म्हणाले, गिरणी आहे ही. कोअर ३०० दुकानात नव्हता, मामेदिरांच्या घरी आहे तिथे जाऊन ऐकला. दोन नंबरवर लावला, अप्पा तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसले आणि पाचव्या मिनिटाला डुलकी. मी त्यालाच निकाल धरला.

२२०–२४० व्होल्टचा, लेबल बघून, इथल्या बिलासकट कोअर ३०० मागवला. बजेटच्या थोडा वर गेला. सोबत एक जादा फिल्टर घेतला. पिशवी काढली.

जुना_खोडरबर
वीज किती खातो तेवढं सांगा.

ओहमचा_नियम
काका, जुन्या आवृत्तीवर ४५ वॅट लिहिलेलं असतं, तेही पूर्ण वेगाला. तेवढे धरले तरी रात्रीचे दहा तास म्हणजे अर्ध्या युनिटच्या आत. दोन नंबरवर त्याहून कमी. फिलिप्स २२ वॅटचा आहे, तो आणखी कमी खातो. तुमचा जुना सीलिंग फॅन ७०-७५ वॅट खात असेल.

शीवची_सून
एक शेवटचं. जादा फिल्टर किती दिवस ठेवला तर चालतो? पुढच्या पावसाळ्यापर्यंत लागणार नाही बहुतेक.

खाडीपारची_माई
पिशवीत सीलबंद असेल तर खुशाल ठेवा. कपाटात वर, कोरड्या जागी. मोरीला लागून असलेल्या भिंतीच्या कपाटात नको. लावलेला फिल्टर मात्र पावसाळ्यात यंत्र महिना-महिना बंद ठेवून आत कुजवू नका, कुबट वास धरतो. रोज थोडा वेळ तरी चालवा.

शीवची_सून
बरं. धागा इथेच थांबवला तरी चालेल, पण कोणी फिलिप्स आणि ३००एस शेजारी-शेजारी वापरले असतील तर जरूर लिहा. माझ्या जाऊबाईंना कल्याणला घ्यायचाय, आणि त्यांना अ‍ॅप हवंच आहे.